महादेवीबाईंच्या नऊ रजा

महादेवीबाई आमच्या शेळगीच्या शाळेत शिपाई आहेत आणि मी तिथलाच लिपिक. सकाळी सातला शाळेचं कुलूप त्या काढतात. दर पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं, तेव्हा पहाटे उठून घरचं भरतात आणि डोळे चोळत येतात, पण सातला येतातच. एकोणीस वर्षं मी हे बघतोय. तरीही गेल्या ऑगस्टात मी त्यांना नऊ दिवस गैरहजर मांडलं.

झालं असं, की संस्थेने हजेरीचं ॲप आणलं. शाळेत येऊन फोनवर बटण दाबायचं, नोंद थेट मुख्य कार्यालयात जाते. गैरहजर दिसलात की तो दिवस किरकोळ रजेतून कापायचा. बाईंच्या वर्षाच्या बाराही रजा शिल्लक होत्या. तापात फणफणत असतानाही त्यांनी एक घेतली नव्हती, कारण डिसेंबरात त्यांचा एकुलता एक बिरुदेव तीन वर्षांनी घरी येणार होता, तोही जेमतेम बारा दिवस. तो आखातात एसी दुरुस्तीची कामं करतो.

तो राहतो तिथे इंटरनेटवरून कॉल लागत नाहीत. म्हणून त्याने व्हीपीएन घेतलं, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच देशातून फिरवून आणणारं ॲप, आणि आईलाही तेच टाकायला लावलं. त्याला सवड कधी मिळेल याचा नेम नाही, म्हणून बाई ते बहुतेक वेळ चालूच ठेवायच्या. त्यामुळे शेळगीत उभ्या असलेल्या बाईंचा फोन संस्थेला परदेशात दिसायचा आणि हजेरी नाकारली जायची. त्यांनी मला दोनदा फोन दाखवला, इंग्रजीत काहीतरी येतंय म्हणाल्या. मी मान वर न करताच नेटवर्क नसेल म्हणून मोकळा झालो. महिनाअखेरीला त्यांनीच आणून दिलेला चहा पीत मी तक्ता भरला. ॲप सांगेल ते उतरवून काढायचं, एवढीच आता माझी नोकरी उरली आहे. याची मला लाज वाटते.

रजा कापल्याचं कळल्यावर बाईंनी फोन विज्ञानाच्या निवेदिता मॅडमना दाखवला आणि त्यांनी पाच मिनिटांत दुखणं पकडलं. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये फोनातल्या सगळ्या ॲपची यादी असते. कोणतं ॲप व्हीपीएनमधून जाईल आणि कोणतं सरळ, ते आपण ठरवायचं. बाई एकेकाचं नाव विचारत होत्या. गॅसचं सरळ, बँकेचं सरळ, हजेरीचं तर सरळच. फक्त कॉलचं व्हीपीएनमधून ठेवा म्हणाल्या. मॅडमनी सांगितलं, खरं तर त्याचीही गरज नाही. बिरुदेवच्या फोनात आहे तेवढं पुरतं.

बाईंनी मॅडमच्या हातातून फोन परत घेतला.

"म्हंजी माज्या फोनात हे नसतं, तरी आमचं बोलनं झालं असतं?"

"हो, मावशी."

"मग माज्या रजा कशापायी गेल्या, भाऊसाहेब?"

मॅडमऐवजी त्यांनी मला विचारलं, ते बरोबरच होतं.

मी पत्र लिहिलं, मुख्याध्यापकांची सही घेतली, स्वतः नेऊन दिलं. उत्तर आलं, बंद झालेल्या महिन्यात दुरुस्ती होत नाही. दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं. तिसऱ्याला तर उत्तरही आलं नाही. मग माझंही अवसान गळालं.

डिसेंबरात बिरुदेव आला. बिनपगारी रजा बाईंना परवडणारी नव्हती. उरलेल्या तीन रजा त्यांनी तो जायच्या आधीच्या तीन दिवसांसाठी राखल्या आणि बाकीचे दिवस सातला येऊन कुलूप काढलं. ॲप आता बिनतक्रार चालत होतं. रोज हजर.

तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्याच्या टोकाला फोन तोंडासमोर धरून उभ्या दिसल्या. पडद्यावर बिरुदेव होता, शाळेपासून दोन किलोमीटरवरच्या त्यांच्याच स्वयंपाकघरात. तीन वर्षं बोलायच्या तशाच त्या बोलत होत्या.

"भाकरी झाकून ठिवलीया, कालवण तेवढं गरम करून घे. आन् फोन जरा लांब धर की, नीट दिसंना झालास."