झाकल्या तोंडाचा जोगवा

तोंडाचा वास आपला आपल्याला येत नाही म्हणतात. मला यायचा. नाकाच्या आतून, नासलेल्या दुधासारखा, आणि देवघरापुढे बसले की जास्तच. आई भवानीपुढे तोंड उघडायची लाज वाटावी, यापरती शिक्षा आम्हा आराधी बायकांना दुसरी नाही. आमचं जळकोट तुळजापूर तालुक्यातलं. मंगळवारी आमचा मेळा जमतो आणि देवीच्या गाण्यांना पहिला आवाज माझा असायचा.

वरचे दात हिरड्यांच्या दुखण्यानं गेले, तशी कवळी बसवली. ती गाण्याच्या ऐन भरात निसटायची. वरच्या जबड्यात हाडच उरलं नव्हतं, म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांनी गालाच्या हाडात लांब स्क्रू रोवून पक्के दात बसवायचा मार्ग सांगितला. "आत्या, या वयात कशाला? कवळी काय वाईट हाय?" सून म्हणाली होती. मी ऐकते कसली! दात बसले आणि मी गावभर हसत फिरले. वर्ष सरायच्या आत डावा गाल ठणकू लागला, मग वास सुरू झाला, आणि एके दिवशी चहाचा घोट घेतला तर तो नाकातून खाली आला.

सांगणार कुणाला? सुनेला सांगावं तर तिचंच खरं झालं असतं. डॉक्टरांकडे जावं तर मुलगा बरोबर लागणार. मी मेळ्याला जाणं सोडलं, भिंतीकडे तोंड करून पाणी पिऊ लागले. मनानं घेतलं की हा आईचा कोप आहे. तिच्या गाण्यासाठी घेतलेले दात मी मिरवत हिंडले. म्हणून पाच घरी जोगवा मागायचा नवस बोलले. त्यातही माझं शहाणपण असं, की ओळखीचं कुणी नको म्हणून परडी घेऊन नळदुर्ग गाठलं.

चार घरी पदर तोंडावर धरून पुटपुटले. पीठ मिळालं. पाचव्या दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"आईचं नाव मोठ्यानं घे की गं. मुक्यानं जोगवा मागत्यात व्हय?"

मी पदर आणखी घट्ट धरला. ऊन लागलं असेल असं समजून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. नको म्हणता येईना. घोट घेतला आणि ते पाणी नाकातून थेट परडीतल्या पिठात पडलं. पिवळट, घाण वासाचं. आईच्या परडीत! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

म्हातारी उठली. वास तिला आलाच असणार. तिनं आपल्या पदरानं माझं नाक पुसलं, लेकराचं पुसावं तसं.

"घरी ठावं हाय का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"रडल्याबिगर आई बी पाजत न्हाय, बाई. तू तोंड झाकून बसलीस, मग आईनं ऐकावं कसं?"

असं म्हणून तिनं ओंजळभर पीठ त्या ओल्या पिठावरच घातलं. मला रडू फुटलं आणि त्या रडण्यातच 'उदो' बाहेर पडला.

घरी आले ती चपलाही न काढता सुनेला सगळं सांगून मोकळी झाले. तिनं एका शब्दानं टोचलं नाही, लगेच मुलाला फोन लावला. सोलापुरात तपासणी झाली. गालाच्या आतल्या पोकळीत पू साठला होता. अजून उशीर झाला असता तर डोळ्यावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. डावीकडचा स्क्रू काढून त्यांनी तोंडातून त्या पोकळीत पडलेलं भोक शिवलं. त्या बाजूला आता दात नाहीत, म्हणून पदर तोंडावरच राहिला.

बरं वाटल्यावर खण-नारळ घेऊन नळदुर्गला गेले. म्हातारी दारातच होती. मी पायाशी वाकले, तर डोळे बारीक करून म्हणाली, "कोण गं तू? वळखलं न्हाय." परडीत पडलेल्या पाण्याची आठवण दिली. तिनं जरा विचार केला. "आसंल बाई, लई जणी येत्यात," म्हणाली आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

जे मी गावापासून, घरापासून, आईपासून जिवाच्या आकांतानं झाकलं, ते तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं. आईच्या दारी आपली घाण आठवत बसणारे आपण एकटेच असतो. मी पदर खाली केला, आणि त्या दारात उभी राहून, डावीकडच्या रिकाम्या हिरडीसकट तोंड उघडून मोठ्यानं म्हणाले, "आई राजा उदो उदो!"