बाकावरचं पोहणं

कॉलेजातला पोहण्याचा मास्तर अंगानं काटकुळा, पण आवाज असा की गच्चीवरची कबुतरं उडावीत. पोरं पाठीमागं त्याला बेडूकमास्तर म्हणत, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. कुणाला थेट तलावात उतरू देईल तर शपथ! आधी काठावरच्या लाकडी बाकावर पालथं पडायचं, हवेत हातपाय मारायचे, मास्तरच्या शिव्या खायच्या. पाणी त्यानंतर. आणि तलाव पार केल्याशिवाय "येतं तुला" हे शब्द त्याच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत. प्राचार्यांचा मुलगासुद्धा गटांगळ्या खाऊन खाऊनच पास झाला.

साऱ्या जगाला शिकवलं, राहिली ती त्याची स्वतःची लेक. घरचीच तर आहे, शिकवू उद्या, असं म्हणता म्हणता ती सासरी गेली. तिनंच फोन केला, "बाबा, माझं राहिलं ते राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात पोरीला पाठवते. तिला तेवढं शिकवा." मास्तरनं छाती ठोकून हो म्हटलं.

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. कॉलेजची विहीर आटत चालली होती. होस्टेलची पोरं एका बादलीत अंघोळ उरकायची. अशात निळाशार तलाव भरून ठेवणं म्हणजे नुसता माज, असं कॉलेजच्या समितीचं म्हणणं पडलं. खोटं काय होतं त्यात? सगळ्या छपरांचं पावसाचं पाणी पाइपांनी तलावात आणायचं, वर पत्रे टाकायचे, उन्हाळ्यात ते गाळून होस्टेलला सोडायचं, असं ठरलं. राखणीला कोण? मास्तर! "चोराच्या हाती किल्ल्या," म्हणून ऑफिसातले कारकून फिदीफिदी हसले.

मास्तरला हे फार लागलं. ज्यांना मानगूट धरून पाण्यात ढकलायचं, त्यांनाच आता पाण्यापासून हाकलायचं! पण काम म्हणजे काम. त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली, 'पाण्याला पाय लावू नये', आणि डोळ्यांत तेल घालून राखण केली. लेकीला मात्र यातलं अवाक्षर कळवलं नाही.

शाळेला सुट्टी लागली तशी नात आली, पोहायचा नवाकोरा पोशाख घेऊनच. कॉलेजच्या परीक्षा अजून चालू होत्या. मास्तरनं रविवार साधला. पोरं खोल्यांत पुस्तकात तोंड खुपसून बसलेली, आवारात चिटपाखरू नाही. त्यानं कुलूप काढलं, एक पत्रा बाजूला सरकवला. खाली संथ, स्वच्छ पाणी. एवढंसं पोर उतरलं तर असं काय बिघडणार आहे? सकाळपासून तो हेच घोकत होता.

"आजोबा, हे पाणी कुणाचं?"

"होस्टेलच्या मुलांचं. पितात, अंघोळ करतात."

पोरीनं आपल्या धुळीनं माखलेल्या पायांकडे पाहिलं. "मग थांबा, मी आधी पाय धुऊन येते."

ती भिंतीजवळच्या नळाकडे पळाली. नळ नुसता खरखरला.

"आजोबा, पाणीच नाहीये!"

मास्तरला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला पोरीकडे बघवेना. त्यानं पत्रा ओढून पुन्हा जागेवर बसवला.

"चल, पालथी पड त्या बाकावर."

मग मात्र तो जुना आवाज फुटला. "गुडघे जवळ घे! झटकून फेक! अगं, श्वास कोण घेणार, तुझी आई?" पोरगी हसायची आणि पुन्हा हातपाय मारायची. ऊन उतरेपर्यंत चाललं होतं. शेवटी ती घामाघूम होऊन उठून बसली.

"आता येतं का मला पोहायला?"

मास्तरनं जन्मात कुणाला कोरडं पास केलं नव्हतं.

"येतं. भिजायचं तेवढं राहिलंय."

त्यानं कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं.

"आईला सांगू?" नातीनं विचारलं.

"सांग. आणि म्हणावं, तूही ये. बाक रिकामा आहे."