मार्लिस कांगासची प्रगती

मार्लिस कांगासची व्यावसायिक प्रगती दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी सुरू होई आणि मे महिन्यात संपे. मधल्या काळात ती शिकवत असे.

नॉर्थ केस्टरच्या शाळेत भूगर्भशास्त्र शिकवताना तिने चार प्रिन्सिपल पाहिले होते, आणि प्रत्येकाने तिचा विकास नव्याने हाती घेतला होता. पहिल्याच्या मते मुलांनी तास सुरू होण्याआधी डोळे मिटून श्वास मोजणे आवश्यक होते. दुसऱ्याने बाके गोलाकार मांडायला लावली. तिसऱ्याने ती पुन्हा रांगेत लावून घेतली, आणि त्यालाही प्रगती असेच म्हटले गेले. चौथा, ब्रेंट ओलेक्सी, विद्यार्थ्यांच्या प्रेरणेच्या मागे लागला.

त्यासाठी शाळा सुरू होण्याआधी ग्रंथालयात प्रशिक्षण झाले. प्रशिक्षक काइल डेन्समोर हा मोठ्या पुलापलीकडून, मिशिगनच्या दक्षिण भागातून आलेला; तिकडच्यांना नॉर्थ केस्टरमध्ये ‘पुलाखालचे’ म्हणत. त्याने सर्व शिक्षकांना कच्ची स्पॅगेटी आणि मार्शमॅलोच्या मऊ गोळ्या वाटल्या आणि मनोरा रचायला सांगितले.

“पुलाखालचा माणूस इतक्या लांबून आपल्याला खेळ शिकवायला आलाय,” गणित शिकवणारा रॉय बोशाँ पुटपुटला.

“तुझा मनोरा कलतोय, रॉय.”

“कलू दे. माझी प्रेरणा कमी पडतेय.”

दुपारी योजना जाहीर झाली. मुलाने काही चांगले केले की त्याला नारिंगी कुपन द्यायचे. पुरेशी कुपने साठली की बक्षीस. प्रत्येक शिक्षकाने आपले एक उद्दिष्ट ठरवायचे आणि ते पूर्ण झाल्याचे नोव्हेंबरमध्ये सर्वांसमोर सांगायचे. उद्दिष्ट मोजता आले पाहिजे, ही एकमेव अट होती. ते कशासाठी आहे, हे विचारण्याची तरतूद योजनेत नव्हती.

अशा वेळी काय करायचे, हे त्या इमारतीतल्या प्रत्येक अनुभवी शिक्षकाला ठाऊक होते: जे आपोआप घडणारच आहे, ते उद्दिष्ट म्हणून लिहायचे. रॉयने लिहिले की, त्याची मुले अपूर्णांकांची बेरीज शिकतील. ती त्यांना गेल्या वर्षीच येत होती. मार्लिसने लिहून टाकले की, टेसा लाहती ठरावीक दगड फोडून त्यांचे वर्णन लिहील.

आठवीतली टेसा वर्गात क्वचितच बोले. मात्र गेल्या हिवाळ्यापासून ती जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या खोलीत येई, संरक्षक चष्मा चढवी आणि दगड फोडत बसे. गावाबाहेर बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीतल्या टाकाऊ दगडांचा डोंगर आहे. लोक तिथून रस्त्यासाठी खडी नेतात. टेसा तिथून खिसे भरून आणी. दगड फुटला की ती ताज्या पृष्ठभागावर हिरवट डाग किंवा तांब्याची तार शोधे, आणि काही सापडले नाही तरी पुढचा दगड उचले. तिने कधी गुण मागितले नव्हते. इतक्या वर्षांत मार्लिसने असंख्य मुलांना ढकलत, ओढत, गोंजारत पुढे नेले होते. या मुलीला फक्त एक हातोडी लागली होती. आपल्या नोकरीत टिकवून ठेवण्यासारखे काही असेल तर ते हेच, असे तिला वाटे.

आता प्रत्येक दगडाचे वर्णन लिहिले की टेसाला एक कुपन मिळू लागले.

“फुकट राबणारीला पगार सुरू केलास?” रॉयने विचारले.

“नोव्हेंबरपर्यंतच. मग बंद.”

सप्टेंबर सुरळीत गेला. ऑक्टोबरमध्ये टेसाने एका दगडाचे दोन तुकडे टेबलावर ठेवले.

“मिसेस कांगास, याची दोन कुपनं ना?”

“दगड एकच आहे, टेसा.”

“पण तुम्हीच सांगितलंत की, प्रत्येक तुकडा वेगळा बघायचा.”

तसे तिनेच सांगितले होते. तिने दोन कुपने दिली. त्यानंतर टेसा काळे, कठीण दगड आणीनाशी झाली. ती ओढ्याकाठचा ठिसूळ वालुकाश्म आणू लागली, कारण एका घावात त्याचे पाच-सहा तुकडे होत. त्यात तांबे मिळणार नाही, हे तिला मार्लिसइतकेच ठाऊक होते. महिनाअखेरीस तिने शाळेचे नाव छापलेला स्वेटशर्ट जिंकला, आणि त्यानंतर ती खोलीकडे फिरकली नाही.

मार्लिसने तिला व्हरांड्यात गाठले. “हल्ली येत नाहीस?”

“स्वेटशर्ट मिळाला की. आता पुढे काय आहे?”

“पुढे काही नाही. दगड आहेत.”

“मग राहू द्या, मिसेस कांगास,” टेसा अगदी अदबीने म्हणाली. त्याऐवजी ती उद्धटपणे बोलली असती तर मार्लिसला सोपे गेले असते.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सभा झाली. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असल्याने निम्मे शिक्षक शिकारीची नारिंगी जाकिटे चढवूनच बसले होते आणि घड्याळाकडे पाहत होते. ओलेक्सीने अभिमानाने सांगितले की, मार्लिसने उद्दिष्टाच्या कितीतरी पुढे मजल मारली आहे.

“हे कशामुळे साधलं असं वाटतं तुम्हाला?” डेन्समोरने विचारले.

“एक मुलगी स्वतःहून दगड फोडत होती,” मार्लिस म्हणाली. “मी तिला त्याचा मोबदला दिला. आता ती फोडत नाही. तुमचा आकडा मात्र बरोबर आहे.”

मग डेन्समोरने भिंतीवरच्या मोठ्या कागदावर ‘प्रामाणिक आत्मपरीक्षण’ असे लिहिले, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि तिला एक नारिंगी कुपन दिले.

“मधोमध फाड,” रॉय मागून म्हणाला. “दोन होतील.”

आपली प्रगती घडवायला येणाऱ्या या माणसांचा तिरस्कार करणे तिला वर्षानुवर्षे सोपे गेले होते. त्या दिवशी ते तितकेसे जमले नाही. डेन्समोरचा निदान कुपनांवर विश्वास तरी होता. तिचा कधीच नव्हता. आणि तरीही ज्या एकाच मुलीला त्यांची गरज नव्हती, तिच्यावरच तिने ती वापरली होती, केवळ एक कटकट मिटावी म्हणून.

हिवाळाभर ती जेवणाच्या सुट्टीत खोलीचे दार उघडे ठेवून स्वतः दगड फोडत बसली. टेसा दारावरून जाई. ती आत आली नाही, आणि मार्लिसने तिला बोलावले नाही.

एप्रिलच्या अखेरीस, बर्फ ओसरल्यावर, घरी जाताना तिला खाणीच्या ढिगावर एक मुलगी वाकलेली दिसली. बांधा टेसाचा वाटला. हातात हातोडी होती की नुसती काठी, हे रस्त्यावरून सांगता येत नव्हते. मार्लिसने गाडीचा वेग कमी केला. काच खाली करून हाक मारावी, काय सापडले ते विचारावे, शाबास म्हणावे, हे सगळे तिच्या तोंडाशी आले. मग तिने काच बंदच ठेवली आणि गाडी पुढे काढली.

मे महिन्यात ओलेक्सीने पुढच्या वर्षाचे उद्दिष्ट मागितले. वर्गातले भिंतीवरचे तक्ते दर महिन्याला बदलीन, असे तिने लिहून दिले. ते मोजता येण्यासारखे होते, आणि त्यात एकाही मुलाचे नाव नव्हते. ओलेक्सीने ते मंजूर केले.