जाळीमागची गळती

पैठण रोडवर चितेगावला माझं गाड्यांच्या एसीचं वर्कशॉप आहे. उन्हाळ्यात जेवायलाही सवड नसते आणि डोकं कायम तापलेलं. त्या मे महिन्यात धाकट्या भावाची गाडी परत आली, तेव्हा त्याला बघताच मी तोंड सोडलं. दोनदा सांधे तपासून, वॉशर बदलून गॅस भरून दिला होता. दोन्ही वेळा उडून गेला. आणि आता सकाळी सकाळी हा येऊन म्हणतो, आजच पाहिजे.

आजच का, ते मला ठाऊक होतं. त्याची मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली होती. शहरातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं ते एवढंसं लेकरू आज घरी न्यायचं होतं, पण उन्हाची झळ लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घर पिशोरला. लग्नसराईत भाड्यानं गाडी मिळेना. संध्याकाळी गारव्याला निघावं, तर आमच्या आईनं दवाखान्यातूनच फर्मान काढलेलं, की तिन्हीसांजेला लेकरू रस्त्यावर नको. भावाचा याआधीचा मुलगा आठवडाभरही जगला नव्हता, त्यामुळं तिच्यापुढं कुणी बोलेना.

मी पाइपांत नायट्रोजन भरला आणि एकेका सांध्यावर साबणाचा फेस लावत गेलो. गळती असली की तिथं बुडबुडा येतो. एकही येईना, दाबाचा काटा मात्र हळूहळू उतरत होता. डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल फुटली असली, तर सगळं पुढचं उघडावं लागतं, मग आजचं नावच नको. भाऊ नुसता मोबाइल उलटासुलटा करत होता. असा डोक्यावर उभा राहू नको, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो.

शेवटी पुढचा बंपर काढला. जाळीमागच्या कंडेन्सरच्या खालच्या पाइपाला तेलकट धूळ चिकटलेली. गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणजे भोक इथंच. फेस लावला, तर भराभर बुडबुडे आले. आणि मग पाइपाला गुंडाळलेली लोखंडी तार दिसली. तारेत ओवलेला बिबा, सुकलेलं लिंबू, मिरच्या. गाडी हलली की तार घासायची, ॲल्युमिनियमचा पाइप किती दिवस टिकणार?

माझं डोकंच सणकलं. हे आईचंच काम. लोक नंबर प्लेटखाली उघड बांधतात, हिनं जाळीमागं खुपसलं. धाकटा असल्या गोष्टींवरून तिला घरात टोचून बोलायचा, म्हणून लपवलं असणार. आज ऐकवतोच हिला, म्हणून मी फोन उचलला, तर भावानं माझा हात धरला.

"आईला नको बोलू, दादा. मी बांधलंय."

मी फोन खाली ठेवला. पहिलं लेकरू गेलं तेव्हा हा लगेच कामावर गेला होता, डोळ्यात टिपूस नाय. आम्ही सगळ्यांनी त्याला दगड ठरवलं. आता तो खाली बघून सांगत होता, की बायकोला दिवस गेल्यापासून दर शनिवारी लिंबू-मिरची आणायचा आणि खालून हात घालून बांधायचा. कुणी हसू नये म्हणून आत. मला लई वाईट वाटलं. मी पाइप खोलायला लागलो.

ॲल्युमिनियम पातळ. आच जरा जास्त झाली तर पाइप वितळणार, आणि दुसरा त्या दिवशी मिळणार नव्हता. श्वास धरून डाग दिला. भोक बुजलं. पाइप बसवून व्हॅक्यूम काढला आणि काट्याकडं बघत दोघं बसलो. आईचे फोनवर फोन. दुपार कलायला लागली. काटा जागचा हलला नाही. गॅस भरला, काचा वर केल्या, गार वारा सुटला, तशी त्यानं चावी माझ्या हातात दिली. तूच चालव, म्हणाला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आई लेकराला पदराखाली घेऊन उभी होती. दिवस बुडायच्या आत पिशोर गाठायचं, म्हणून मी घाई करत होतो. पण गाडीत बसण्याआधी तिनं काजळाची डबी काढली आणि मला म्हणाली, तूच सांग याला, एवढीशी तीट लावू दे, मी म्हटलं की अंगावर येतो. मी तोंड उघडायच्या आत भाऊ पुढं झाला आणि लेकराचं टोपडं त्यानं स्वतःच मागं सारलं.

"लाव, आई," तो म्हणाला. "मोठी लाव."