ये चिऊ कौन है?

गेल्या मंगळवारी जबलपूरच्या एका मेडिकल कॉलेजात, ॲडमिशनच्या खिडकीपाशी माझी चांगलीच फजिती झाली.

माझ्या लेकीचं, मृण्मयीचं, एमबीबीएसचं ॲडमिशन. सगळे कागद फाइलला लावलेले... हिपॅटायटिस बीच्या लसीचं कार्डसुद्धा, जन्मापासून जपलेलं. ते मी मोठ्या ऐटीत पुढे सरकवलं.

क्लार्क भैयांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "मैडम, ये चिऊ कौन है?"

आता काय सांगणार, कप्पाळ! बारशाला नाव ठेवणार आत्या, आणि आमच्या वन्संना नागपूरहून यायला चार महिने लागले. तोवर या लसीचे सगळे डोस झाले, आणि दवाखान्यात नाव विचारलं की मी खुशाल 'चिऊ' सांगत होते...

भैया म्हणाले, नाव जुळत नाही. शनिवारपर्यंत लसीचा पुरावा आणा, नाहीतर ॲडमिशन पक्कं होणार नाही. पोरीनं दोन वर्षं घासून मिळवलेली सीट माझ्या लाडापायी अडकली होती. मला तिथंच रडू फुटलं.

वन्संना फोन केला तर त्या म्हणतात, "काहून रडून राहिली वहिनी? मी येते ना, सांगते त्यांना, नाव मीच ठेवलं म्हणून!"

मृण्मयीनं मात्र सरळ कॉलेजच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, रक्त तपासू, लसीचा असर शिल्लक असेल तर तो रिपोर्ट चालेल. पण इतक्या वर्षांत असर उतरलाही असेल... मग पुन्हा डोस, पुन्हा तपासणी. म्हणजे शनिवार गेलाच.

तिनं रक्त दिलं, आणि दोन दिवस मी सारखा मोबाइल उघडून बघत होते.

शुक्रवारी इथल्याच, जबलपुरातल्या गोरखपूर भागातल्या बाजारात असताना मोबाइलवर रिपोर्ट आला. आकडा दहाच्या वर हवा होता... आला एकशे बेचाळीस! मी अशी काही ओरडले की भाजीवाली दीदी दचकून म्हणाली, "क्या हुआ, बिटिया की शादी तय हो गई?"

"उससे भी बड़ी बात है!" म्हटलं.

शनिवारी भैयांनी स्वतःच "चलो, बधाई हो" म्हणत शिक्का मारला. पोरगी डॉक्टर होणार!

प्रत्येक डोसच्या वेळी ती किंचाळायची आणि तिच्याबरोबर मीही रडायचे. पुढच्या वेळी नकोच जायला, असं दर वेळी वाटायचं... तरी गेले. त्यासाठी परवा पहिल्यांदाच मी स्वतःची पाठ थोपटली.