मंगळुरूची यादी

छावणीच्या बाजारात आज तळलेल्या माशाचा वास आला आणि आमची न झालेली मंगळुरूची सहल आठवली. खास खायलाच जायचं होतं. कुठल्या खानावळीत बांगडा, कुठं सुरमई, सगळी यादी मी केली होती. सुट्ट्या जुळल्या त्या सोमवार-मंगळवारच्या. बायको म्हणाली, "सोमवारी मी मासे खात नाय." आई म्हणाली, "माझा मंगळवार हाय." माझं डोकंच फिरलं. "मग काय समुद्र बघून परत यायचं? देवाला एखादा मंगळवार मोडलेला चालत नाय व्हय?" आई हळूच म्हणाली, "तुझ्यासाठीच धरलाय रं, लहानपणी तू तापानं लई फणफणला होतास तवा." तरी मी यादी टराटरा फाडली. आज तो वास नाकात घेऊन तसाच पुढं निघालो. आई नाही आता. तिचा मंगळवार मी धरतो.