गोलकीपरच्या लग्नाला हरकत

“हरकत आहे, फादर! माझी हरकत आहे!”

रविवारच्या मिस्साला येत्या लग्नांच्या घोषणा चालल्या होत्या. कुणाची हरकत असल्यास कळवावं, असं फादर दर वेळी म्हणतात. पण कुणी खरंच कळवील, असं त्यांच्याही स्वप्नात आलं नसेल. अख्खं चर्च मागे वळलं. नवऱ्यामुलाच्या आईनं क्रुसाची खूण केली.

“कारण?” फादरनी दबकत विचारलं.

“नवरी माझी गोलकीपर आहे. लग्नाच्याच दुपारी फायनल आहे आमची!”

ही माझी मावसबहीण, सगळ्यांची बाय. मुलींना फुटबॉल शिकवते. देवानं माणसं गोलकीपर, डिफेंडर, फॉरवर्ड आणि ‘वाया गेलेले’ अशा चारच जातींची घडवली, हे तिच्याइतकं ठासून बिशपही सांगणार नाहीत. मी चौथ्या जातीतला. बाप्तिस्म्याला गेली की ही आधी बाळाच्या पोटऱ्या दाबून बघते. तिच्या शिट्टीनं आमच्या गिरीज गावच्या वाड्यांत नारळ गळतात. घड उतरवलेल्या केळींचे खुंट मागून आणते, मैदानात पुरते आणि मुलींना त्यांच्यामधून बॉल काढायला लावते. एकीनं असा पाय घातला, की खुंटच आडवा! हिनं शिट्टी फुंकून फाउल दिला. केळीच्या बाजूनं.

तर फादरनी तोड काढली: लग्न संध्याकाळी सहाला. फायनल गेली पेनल्टीवर. ब्रासबँड चर्चपाशी ताटकळला आणि शेवटी वाजत वाजत मैदानावरच आला. शेवटचा फटका नवरीनं पंजानं असा उडवला, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायच्या हाती कप आला. तासाभरात नवरी वेदीपुढे हजर; कोपरं सोललेली, बोट सुजून भोपळा. अंगठी काही केल्या जाईना.

“बर्फ लावा त्याला!” दुसऱ्या बाकावरून आरोळी आली. ती कुणाची, हे बघायला या खेपेला कुणी मान वळवली नाही.

जेवणाच्या वेळी मात्र बाय मंडपाच्या कडेला एकटीच उभी. तिच्या पोरी अशाच जातात. चिखलातून घडवायच्या, आणि ऐन रंगात आल्या की त्यांच्या लग्नाचा केक खायचा. सासरी गेलेली एकही पुन्हा मैदानावर उतरलेली नाही. आणि ही तर विरारच्या फ्लॅटात चाललेली. गाडी सुटली. बायचा हात बराच वेळ हलत राहिला.

“बाय, आता गोलमध्ये दुसरी कोण बघितलीस?” मी हळूच विचारलं.

“दुसरी कशाला? विरारहून बस येते.”